बंद खिडकीतून आलेला प्रश्न

आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयात खिडकीजवळ एक जुने लाकडी टेबल आहे. बाप्तिस्म्याचे दाखले, विवाहाच्या सूचना आणि मयतांच्या नोंदी ह्याच टेबलावर लिहिल्या जातात. दर शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता मात्र ते टेबल वर्गखोलीचे रूप घेते. समोर लॅपटॉप, एका बाजूला बायबल आणि दुसऱ्या बाजूला एक साधी दोनशे पानी वही. आमच्याकडे साडेअकरा होतात तेव्हा कुवेतमध्ये आणि दोहामध्ये नऊ वाजलेले असतात, दुबईत आणि मस्कतमध्ये दहा. वार शनिवार ह्यासाठी की त्या सर्व ठिकाणच्या मुलांना त्या दिवशी सुट्टी असते. ही मुले वसईहून आखातात गेलेल्या कुटुंबांची. त्यांना आम्ही दृढीकरण संस्काराची तयारी शिकवतो. निदान आम्ही शिकवतो असे म्हणण्याची पद्धत आहे. ह्या वर्गात खरोखर कोण कोणाकडून शिकले, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आखातातील देवळांत धर्मशिक्षणाची सोय नाही असे मुळीच नव्हे. तेथील धर्मग्रामांत शुक्रवारी मिस्सेला आणि धर्मशिक्षणाला मुलांची दाटी होते. परंतु ते शिक्षण बहुधा इंग्रजीतून चालते आणि गावी राहिलेल्या आजी-आजोबांच्या मनात एक इच्छा घर करून असते. नातवंडांनी दृढीकरण गावच्या देवळात घ्यावे, स्वर्गीय पित्याची प्रार्थना मराठीतून म्हणावी, आणि आपण डोळे मिटण्यापूर्वी ते पाहावे. तिकडच्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात असते. तेव्हा ही कुटुंबे गावी येतात. त्या पाच-सहा आठवड्यांत तयारी होणे शक्य नसते. म्हणून २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, त्या त्या ठिकाणच्या धर्मगुरूंची संमतीपत्रे घेऊन, आम्ही हा दूरस्थ वर्ग सुरू केला.

ह्या कामाचा आम्हांला थोडा सराव झाला होता, किंबहुना झाला आहे असा भ्रम होता. २०२० च्या २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली आणि देवळांची दारे बंद झाली. त्याच आठवड्यात, २७ मार्चच्या संध्याकाळी, पोप फ्रान्सिस संत पेत्राच्या रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे राहिले आणि साऱ्या जगाने ते दृश्य पडद्यावर पाहिले. आम्हीही रिकाम्या देवळात मोबाइलसमोर मिस्सा अर्पण करू लागलो. जूनमध्ये धर्मशिक्षणाचे वर्गही त्याच मार्गाने सुरू केले. आमचे शिक्षण गुरुविद्यालयातले. तेथे आम्हांला प्रवचन कसे बांधावे, सुरुवात कशी करावी, दृष्टांत कोठे घालावा आणि शेवट कसा साधावा हे शिकवले गेले होते. पडद्यासमोर आम्ही तेच केले. त्या वेळी आम्ही वापरत असलेली विनाशुल्क सोय चाळीस मिनिटे झाली की आपोआप बंद पडत असे. अनेकदा आमचे वाक्य अर्धवट असतानाच पडदा काळा होई. मुलांना ते चाळिसावे मिनिट फार प्रिय होते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा समजले.

आखातातील वर्गात अकरा मुले होती. पहिल्या काही आठवड्यांत आम्ही संस्कार म्हणजे काय, बाप्तिस्मा आणि दृढीकरण ह्यांचा संबंध काय, पवित्र आत्म्याची सात दाने कोणती, हे सर्व क्रमवार सांगितले. पडद्यावर काही चेहरे दिसत, काही चौकोन काळे असत आणि त्यांवर नुसती नावे असत. आम्ही विचारत असू, "समजले ना?" दोन-तीन माना हलत. आम्ही पुढे जात असू.

एक मुलगा कुवेतहून येत असे. त्याचे नाव येथे देत नाही. त्याचा चौकोन नेहमी काळा असे आणि त्याचा आवाज आम्ही एकदाही ऐकला नव्हता. हजेरी घेताना त्याचे नाव पुकारले की काही क्षण शांतता पसरे आणि आम्ही पुढचे नाव घेत असू. असे तीन महिने चालले. जानेवारी २०२२ मधील एका शनिवारी आमचा संयम सुटला. सर्व मुलांसमक्ष आम्ही म्हणालो, "पडद्याआड लपून बसणाऱ्याला ख्रिस्ताचा साक्षीदार होता येत नाही. तोंड दाखवायचे नसेल तर वर्गात येऊ नये." वाक्य आम्हांला त्या वेळी चांगले साधलेले वाटले. प्रवचनात शोभले असते. त्यानंतर थोड्याच वेळात तो काळा चौकोन पडद्यावरून नाहीसा झाला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मग एका रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर त्याची आजी कार्यालयाच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात जपमाळ तशीच होती.

"फादर, नातू आता वर्गाला यायचा नाही म्हणतो," ती म्हणाली.

"मावशी, त्याने निदान एकदा तोंड तरी उघडावे," आम्ही म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कसा उघडणार फादर? त्याची आई नर्स आहे. रात्रपाळी करून सकाळी येते आणि त्याच खोलीत झोपते. एका घरात दोन कुटुंबे आहेत. ह्यांच्या वाट्याला एकच खोली. तो पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसतो, कानात ते यंत्र घालून. आईची झोप मोडू नये म्हणून बोलत नाही. आणि आई झोपलेली दिसू नये म्हणून तोंड दाखवत नाही."

आम्हांला उत्तर सुचले नाही. तिने आमच्यावर राग धरला असता तर बरे झाले असते. तिने उलट विचारले, "पण तो लिहीत होता ना? मला फोनवर सांगायचा, मी फादरना लिहून उत्तर देतो म्हणून."

आमच्या धर्मग्रामात एक धर्मशिक्षिका आहेत. त्या शाळेतही शिकवतात. त्यांना आम्ही त्याच संध्याकाळी बोलावून घेतले. वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण आम्ही लॅपटॉपवर साठवत होतो, पण ते उघडून पाहण्याची गरज आम्हांला कधी वाटली नव्हती. त्यांनी ते उघडले. प्रत्येक वर्गाच्या मुद्रणाशेजारी मजकुराची एक छोटीशी फाइल होती. वर्ग चालू असताना कोणी लिहून काही पाठवले तर ते तेथे जमा होते, असे त्यांनी समजावून सांगितले. पडद्याच्या तळाशी त्यासाठी एक चिन्हही होते. आम्ही त्यावर कधी बोट ठेवले नव्हते.

त्या फाइलींत त्या मुलाची उत्तरे होती. त्याला देवनागरी लिहिता येत नव्हते, म्हणून त्याने मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहिले होते. बहुतेक मजकूर केवळ आमच्यासाठी होता. हजेरीला प्रत्येक वेळी त्याने "हजर आहे फादर" असे लिहिले होते. आम्ही विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर होते, काही चूक, बरीचशी बरोबर. आणि नोव्हेंबरमधील एका वर्गात, पवित्र आत्म्याची तुलना आम्ही वाऱ्याशी करत असताना, त्याने एक प्रश्न विचारला होता. इकडे आमच्या घराच्या खिडक्या कधीच उघडत नाहीत, सदा एसी चालू असतो. पवित्र आत्मा वाऱ्यासारखा असेल तर तो बंद खिडकीच्या घरात कसा येतो?

आम्ही तो प्रश्न पुनःपुन्हा वाचला. तीस वर्षे पेंटेकॉस्टवर प्रवचने देताना हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता. प्रश्न येऊन दोन महिने झाले होते. त्याचे उत्तर म्हणून त्या मुलाला आमच्याकडून जे मिळाले ते जानेवारीतले ते वाक्य.

धर्मशिक्षिकांनी मग एक मुद्रण पहिल्यापासून लावले. ते पाहणे आम्हांला जड गेले. अर्ध्या तासानंतर त्या संकोचाने म्हणाल्या, "फादर, इतक्या वेळात तुम्ही चारच प्रश्न विचारलेत, आणि चारहींची उत्तरे तुम्हीच दिलीत." मग त्यांनी घड्याळ लावून पाहिले. प्रश्न विचारल्यावर आम्ही एक सेकंदसुद्धा थांबत नव्हतो. त्यांनीच आम्हांला सांगितले की मेरी बड रो ह्या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने १९७० च्या दशकात शाळांतील वर्गांचे मुद्रण तपासून हेच दाखवले होते. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात. हा वेळ तीन सेकंदांवर नेला तरी मुलांची उत्तरे लांब होतात, विचारपूर्वक येतात आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. तिची पाहणी समोरासमोरच्या वर्गांची होती. दूरच्या वर्गात आवाज पोहोचायलाच वेळ लागतो, मुलाला बटण दाबून बोलावे लागते किंवा लिहावे लागते. तेथे तर अधिक थांबायला हवे.

हे ऐकून आम्ही स्वतःसाठी एक नियम केला आणि तो आजही पाळतो. प्रश्न विचारला की मनातल्या मनात एक नमो मरिया सावकाश म्हणायची, आणि ती पूर्ण होईपर्यंत तोंड उघडायचे नाही. पहिल्या वेळी ती शांतता आम्हांला असह्य झाली. अर्धी नमो मरिया झाली नाही तोच दोन उत्तरे आली.

पण त्याआधी एक काम बाकी होते. दटावणी सर्वांसमक्ष झाली होती, तेव्हा क्षमायाचनाही सर्वांसमक्ष व्हायला हवी होती. आजीकडून निरोप धाडून त्या मुलाला आम्ही एकदाच येण्याची विनंती केली. शनिवारी काळा चौकोन पुन्हा दिसला. आम्ही मुलांना सांगितले की हा विद्यार्थी तीन महिने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होता, लपून बसलेला नव्हता. पाहायचे कोठे हे फादरांनाच माहीत नव्हते. चूक आमची होती. मग त्याचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही गप्प बसलो. नमो मरिया म्हणावी लागली नाही. मस्कतची एक मुलगी म्हणाली की शिष्यसुद्धा घाबरून दारे बंद करून बसले होते, तरी येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. दोहाचा एक मुलगा म्हणाला की एसीमधूनही शेवटी वाराच येतो. सगळे हसले. आम्ही फक्त एवढीच भर घातली की हिब्रू भाषेतील 'रूआह' ह्या एकाच शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ होतात. खिडकी बंद असली तरी घरात माणसे श्वास घेतच असतात. तेवढ्यात खालच्या चिन्हावर एक आकडा उमटला. आता ते चिन्ह आम्हांला ठाऊक होते. त्याने लिहिले होते, "आई झोपेत श्वास घेते तो मला ऐकू येतो."

ह्या प्रसंगानंतर आम्ही वर्गाची सगळी मांडणी बदलली. जे सांगायचे असेल ते पाच-सहा मिनिटांत ध्वनिमुद्रित करून आम्ही बुधवारीच पाठवतो, म्हणजे ज्याला जेव्हा फोन हाती मिळेल तेव्हा तो ऐकू शकेल. ही वेळेची मर्यादा आम्ही मनाने ठरवलेली नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी दूरशिक्षणाच्या चित्रफिती पाहण्याचे सुमारे ६९ लाख प्रसंग तपासले, तेव्हा चित्रफीत कितीही लांब असली तरी सर्वसाधारण विद्यार्थ्याचे लक्ष सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असे आढळले. शनिवारची वेळ केवळ बोलण्यासाठी ठेवली. चार-चार मुलांचे गट केले. चेहरा दाखवण्याची सक्ती काढून टाकली. लिहून आलेली उत्तरे आम्ही आधी वाचतो, बोलून आलेली नंतर ऐकतो. आणि गृहपाठ असा देऊ लागलो की जो पुस्तकातून उतरवता येणार नाही. तुझे बाप्तिस्म्याचे नाव कोणी सुचवले आणि का, हे घरी विचार. तुझ्या पालकमात्यापित्यांना फोन करून त्यांच्या दृढीकरणाची एक आठवण माग.

ह्या गृहपाठाचा एक अनपेक्षित लाभ झाला. मुले आजी-आजोबांना फोन करू लागली आणि उत्तरे ध्वनिमुद्रित करून पाठवू लागली. त्यांत कधी आजीचाच आवाज येई, आणि तो येई तो आमच्या पुस्तकी मराठीत नव्हे तर घरच्या कादोडीत. सुरुवातीला आम्ही ते शुद्ध करून घेण्याच्या विचारात होतो. मग फादर थॉमस स्टीफन्स ह्यांची आठवण झाली. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, येथील भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्या ग्रंथात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतो. परक्या देशातून आलेल्या त्या धर्मगुरूने आधी लोकांची भाषा ऐकली, मगच त्यांना काही सांगितले. आम्ही तर ह्याच मातीतले. कादोडी उत्तरे आम्ही तशीच राहू दिली.

दूरशिक्षणाचा विचार करणाऱ्या विद्वानांमध्ये मायकल मूर ह्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की शिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसते. ते शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांच्या समजुतींमधले असते. संवाद कमी आणि आखणी ताठर असेल तर ते वाढते. संवाद वाढला की ते घटते. ह्या हिशेबाने पाहता आमच्या देवळातील पहिल्या बाकावर बसणारा भाविकही आमच्यापासून फार दूर असू शकतो. कारण प्रवचनात तो काही विचारू शकत नाही आणि आम्ही कधी थांबत नाही.

मंडळीच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. संत पौल हा तर दूरस्थ शिक्षकच होता. करिंथकरांना लिहिलेले त्याचे पहिले पत्र आपण प्रवचनासारखे वाचतो. पण त्यातील बराच भाग म्हणजे त्यांनी त्याला लिहून विचारलेल्या गोष्टींना दिलेली उत्तरे आहेत, हे सातव्या अध्यायाच्या आरंभीच कळते. त्यांचे पत्र आज उपलब्ध नाही, पौलाचे आहे. परंतु त्यांनी विचारले नसते तर त्याने काय लिहिले असते? पुढे १८४० मध्ये इंग्लंडात स्वस्त टपाल सुरू झाले, तेव्हा आयझॅक पिटमन ह्यांनी टपालाने लघुलेखन शिकवण्यास आरंभ केला. त्याचे मर्म धडे पाठवण्यात नव्हते. विद्यार्थ्याने केलेले काम परत येई, ते तपासून पुन्हा त्याच्याकडे जाई, ह्यात ते होते. आपल्या नाशिकला १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही पुस्तके घरी पाठवून हात झटकले नाहीत. ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रे उघडली. साधने बदलली. एक गोष्ट बदलली नाही. पलीकडून काही परत आले पाहिजे आणि ते कोणी तरी वाचले पाहिजे.

अर्थात ह्या मार्गाची मर्यादाही आम्ही जाणतो. २००२ मध्ये व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने इंटरनेटविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले त्यात स्पष्ट म्हटले आहे की तेथे संस्कार नसतात. पडद्यावरून शिकवता येते, सोबत प्रार्थना करता येते. कपाळावर पवित्र तेल लावता येत नाही. त्यासाठी हात लागतो आणि त्या हातासमोर येऊन उभे राहावे लागते. म्हणून आमचा वर्ग पडद्यावर सुरू होतो, पण पडद्यावर संपत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये महागुरुस्वामी दृढीकरण देण्यासाठी आमच्या देवळात आले. बाहेर पाऊस कोसळत होता. अकराही मुले रांगेत उभी होती. दहा जणांना आम्ही चेहऱ्याने ओळखत होतो. अकरावा कोण ते त्याच्या आजीवरून ओळखले, कारण ती पहिल्या बाकावरून त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिच्या शेजारी त्याची आई बसली होती. मुलगा आमच्या कल्पनेपेक्षा बराच उंच होता. खांद्यावर पालकपित्याचा हात होता. महागुरुस्वामींनी त्याच्या कपाळावर तेलाने क्रूसाची खूण केली आणि ते शब्द उच्चारले.

"आमेन," तो म्हणाला.

अकरा महिने शिकवल्यानंतर आम्ही त्याचा आवाज प्रथमच ऐकला. फुटू लागलेला, जरा घोगरा आवाज होता. समारंभानंतर तो आमच्याजवळ आला तेव्हा आम्हांला पुष्कळ बोलावेसे वाटले. सवयीने तोंड उघडलेही. मग मनात नमो मरिया सुरू केली आणि तो काय म्हणतो ह्याची वाट पाहत उभे राहिलो.